गिनीपिगाचा उत्तरकाळ

गिनीपिगाचे आयुष्य साधारणतः पाच ते सात वर्षांचे. एखाददुसरा आठव्या वर्षापर्यंत पोहोचतो आणि त्यापलीकडे जाणारे अगदीच विरळा. दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या हट्टाखातर घरात आणलेला हा जीव, ते मूल माध्यमिक शाळेत जाते न जाते तोच, वार्धक्याच्या उंबरठ्यावर येऊन ठेपतो. आणि एके दिवशी सकाळी तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात निश्चेष्ट आढळला म्हणजे घरातील मंडळींच्या तोंडून हमखास एकच वाक्य निघते : ‘काल रात्रीपर्यंत तर अगदी ठणठणीत होता.’ या वाक्यामागील दुःख खरे असते, परंतु त्यातील माहिती बहुधा खरी नसते. काल रात्री तो ठणठणीत नव्हता, आणि बहुतेक वेळा त्याच्या आधीचे कित्येक दिवसही नव्हता. त्याच्या वागणुकीत पडलेला फरक डोळ्यांसमोर असूनही दिसला नाही, याचे कारण तो कोठे आणि कसा पाहावयाचा हे घरातल्यांना कोणी सांगितलेलेच नसते. तो फरक कसा ओळखावा आणि त्यातही निव्वळ वार्धक्य कोणते व ज्यावर इलाज चालू शकेल असे दुखणे कोणते, याचा उलगडा करावा, एवढ्यासाठी हे लेखन आहे. कारण ‘आता त्याचे वय झाले’ या चार शब्दांखाली या प्राण्याच्या जितक्या वेदना झाकल्या जातात तितक्या दुसऱ्या कशाखालीही झाकल्या जात नसाव्यात, असे मला वाटते.

दुखणे लपविण्याची वृत्ती त्याला पूर्वजांकडून मिळालेली आहे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरात त्याचे रानटी भाऊबंद आजही गवतातून वाटा पाडीत लहान लहान समूहांनी राहतात आणि कोल्हे, रानमांजरे व शिकारी पक्षी यांचे नित्याचे भक्ष्य होतात. स्वसंरक्षणासाठी ज्याच्यापाशी ना शस्त्र ना बळ, अशा प्राण्याला आधार दोनच गोष्टींचा : सोबत्यांच्या सावध कानांचा आणि संकटाच्या क्षणी जागच्या जागी निश्चल होऊन बसण्याच्या शक्तीचा. अशा समूहात जो लंगडतो, मागे पडतो किंवा विव्हळतो तो शिकाऱ्याच्या नजरेत पहिल्याने भरतो. म्हणून वेदना होत असताही चालणे, चरणे आणि इतरांत मिसळणे हे सारे होता होईल तो पूर्ववत चालू ठेवणारे जीवच आपला वंश पुढे नेऊ शकले. काही हजार वर्षांपूर्वी तेथील लोकांनी त्याला मांसासाठी माणसाळविले. सोळाव्या शतकात तो जहाजांतून युरोपात पोहोचला आणि १५५४ साली कोनराड गेसनर या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन लिहून ठेवले. बेल्जियममधील मॉन्स शहरात झालेल्या उत्खननात सोळाव्या शतकाच्या अखेरीचा किंवा सतराव्याच्या आरंभीचा असा गिनीपिगाचा एक सांगाडा सापडला असून, तो घरात पाळलेल्या प्राण्याचा असावा असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. हजारो वर्षे माणसाच्या आश्रयाला राहूनही या प्राण्याची मूळची भीती मात्र गेलेली नाही, आणि ज्या हातांनी त्याला रोज चारा घातला त्या हातांपासूनही तो आपले दुखणे शेवटपर्यंत लपवू पाहतो.

याच प्राण्याच्या शरीराचा अभ्यास वैद्यकाने मोठ्या बारकाईने केला, हे खरे. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जंतूंचा शोध जाहीर केला तेव्हा त्यांचा पुरावा बव्हंशी गिनीपिगांना ते जंतू टोचून उभा केलेला होता. आणि ज्यांचे नाव आज मुंबईत परळच्या संस्थेला आहे त्या वाल्देमार हाफकिन यांनी पॅरिसमध्ये पटकीची लस तयार केली, तीही जंतू एका गिनीपिगाच्या उदरातून दुसऱ्याच्या उदरात नेत नेत त्यांची तीव्रता वाढवून. परंतु प्रयोगशाळेतला गिनीपिग म्हातारा होत नाही. प्रयोगाची मुदत सरली की त्याचे आयुष्यही सरते. त्याच्या तारुण्यातील रोगांनी दफ्तरेच्या दफ्तरे भरली असताना त्याच्या वार्धक्याचे ज्ञान मात्र घरगुती प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांनी अलीकडच्या काळात कणाकणाने जमविलेले आहे. आपल्याकडे गाई-म्हशी आणि कुत्री-मांजरे यांवर उपचार करणारे पशुवैद्य गावोगाव आहेत. या छोट्या प्राण्यांची सवय असलेले मात्र मोजकेच, आणि तेही मोठ्या शहरांत. म्हणून असा पशुवैद्य कोठे आहे याची चौकशी प्राणी निरोगी असतानाच करून ठेवावी. आजारपणाच्या रात्री ती चौकशी करण्यास अवधी उरत नाही.

फरक ओळखावयाचा तर मूळ वर्तन ठाऊक असले पाहिजे. निरोगी गिनीपिग दिवसाच्या आणि रात्रीच्या चोवीस तासांत थोडे झोपून, थोडे खाऊन, पुन्हा थोडे झोपून असा आपला काळ घालवितो. झोपतानाही तो पुष्कळदा डोळे मिटत नाही. भाजीची पिशवी वाजली किंवा कोथिंबिरीचा वास आला की त्याची ‘वीक् वीक्’ अशी उंच शीळ घरभर घुमते. आनंद झाला म्हणजे चारही पाय एकदम उचलून, अंगाला झटका देत, तो जागच्या जागी उडी घेतो. नर माद्यांभोवती डोलत घुमतो आणि घशातून घुर्र असा आवाज काढतो. पाचव्या वर्षाच्या आसपास या चित्राचे रंग हळूहळू फिके होऊ लागतात. उड्या प्रथम कमी होतात आणि मग थांबतात. झोपेचे तुकडे लांबतात. पाठीचा कणा आणि कमरेची हाडे हाताला लागू लागतात. नखे जाड व वाकडी होतात. डोळ्यांवर निळसर-पांढरी झाक येऊन मोतीबिंदू दिसू लागतो. दृष्टी गेली तरी वासाच्या, मिशांच्या आणि सवयीच्या आधारे तो आपल्या जागेत निर्धास्त वावरतो. म्हणून वृद्ध गिनीपिगाच्या पिंजऱ्यातील घर, चाऱ्याची जागा आणि पाण्याची बाटली ही हलवू नयेत, एवढे पथ्य पाळले तर त्याचे अंधत्व पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही.

परंतु या सगळ्यात एक गोष्ट वार्धक्य नेत नाही, ती म्हणजे भूक. म्हातारा गिनीपिग सावकाश येईल, शेवटी येईल, पण खाण्यासाठी येईलच. जो येत नाही, किंवा येऊन, हुंगून परत फिरतो, तो केवळ म्हातारा नाही. तो आजारी आहे. हा भेद ज्याने मनात पक्का धरला त्याला या विषयातील निम्म्याहून अधिक गोष्टी समजल्या असे म्हणण्यास हरकत नाही.

खाण्याजवळ येऊन परत फिरणे हे चिन्ह विशेष लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे, कारण त्याचा उगम बहुधा दाढांत असतो. गिनीपिगाला एकूण वीस दात असतात आणि समोरचे पटाशीचे दात व मागच्या दाढा हे सर्वच्या सर्व जन्मभर वाढत राहतात. गवत चावण्यातील घर्षणाने ते झिजतात आणि अशा रीतीने वाढ व झीज यांचा हिशेब बरोबर राहतो. गवत कमी आणि मऊ खाणे जास्त असे वर्षानुवर्षे चालले, किंवा जबड्यात कोठे दुखू लागून चावण्याची दिशा बदलली, म्हणजे खालच्या दाढा आतल्या बाजूस कलत जातात आणि कधी कधी त्यांची टोके जिभेवर एकमेकींना भिडून अशी कमान तयार होते की तीखाली जीभ अडकून पडते. मग प्राण्याला भूक आहे, खाण्याची इच्छा आहे, पण घास गिळता येत नाही. तो गवताची काडी उचलतो आणि टाकतो, कडक गाजर सोडून काकडी चोखीत बसतो, हनुवटी लाळेने ओली होते, एका बाजूने चावल्यासारखे तोंड हलते. घरातील माणसे म्हणतात, आता त्याची वासना उडाली. वास्तविक पशुवैद्याने भूल देऊन त्या दाढा घासल्या आणि नंतर काही दिवस हाताने भरविले, तर असा प्राणी पुन्हा खाऊ लागण्याची शक्यता चांगली असते. समोरचे दात पाहून मागच्या दाढांचा अंदाज करता येत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे. तोंडाच्या त्या अरुंद पोकळीत उपकरणानेच पाहावे लागते.

वार्धक्याचे सोंग घेणारे दुसरे दुखणे म्हणजे क जीवनसत्त्वाचा अभाव. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व आपल्या यकृतात स्वतःच तयार करतात. माणूस आणि गिनीपिग हे दोघे मात्र त्यासाठी लागणारे एक विकर गमावून बसलेले असल्याने दोघांनाही ते आहारातूनच मिळवावे लागते. १९०७ साली नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रलिक हे दोघे गिनीपिगांना केवळ धान्यावर ठेवून बेरीबेरीचा रोग उत्पन्न करू पाहत होते. त्यांना दिसला तो स्कर्व्ही, आणि पुढे क जीवनसत्त्वाच्या शोधाला जी दिशा मिळाली तिचे मोठे श्रेय या प्रयोगाला आहे. घरातील गिनीपिगाला हा अभाव जडला म्हणजे त्याचे सांधे सुजतात, पाय टेकवताना दुखतात, तो चालण्याचे टाळतो, उचलून घेतले तर किंचाळतो, अंगावरचे केस राठ होतात, हिरड्या दुखतात आणि वजन उतरते. हे वर्णन कोणाही म्हाताऱ्या प्राण्याला लागू पडावे असे असल्यामुळेच ते धोक्याचे आहे. कारण दररोज दर किलो वजनामागे १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळाले तर हा रोग होतच नाही, आणि झालेला असला तरी वेळीच योग्य मात्रा सुरू केल्यास थोड्या दिवसांत उतार पडू लागतो. दुकानातील गोळीखाद्यात घातलेले हे जीवनसत्त्व साठवणीत नष्ट होत जाते, आणि पाण्यात मिसळलेलेही फार वेळ टिकत नाही. त्यापेक्षा ढोबळी मिरचीचा तुकडा, कोथिंबीर आणि अधूनमधून पेरूची लहानशी फोड यांवर भरवसा ठेवणे अधिक शहाणपणाचे.

बाकीच्या दुखण्यांचा उल्लेख थोडक्यातच करतो. लघवी करताना पाठ वाकवून ओरडणे किंवा लघवीत रक्त येणे ही मूतखड्याची खूण. हा खडा बहुधा कॅल्शियमचा असतो, म्हणून प्रौढ प्राण्याला लसूणघास रोज घालू नये, साधे गवत घालावे. वयस्क मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले आणि ती सोबतिणींवर चढू लागली किंवा चिडखोर झाली, तर अंडाशयावर द्रवाच्या गाठी झाल्याचा संशय घ्यावा. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल आणि जीव अस्वस्थपणे फिरत असेल, तर गलग्रंथीचा अतिरेकी स्राव हे त्याचे कारण असू शकते. तळपायाला झालेली जखम आणि गुडघ्याचा संधिवात यांनी हालचाल मंदावते, पण वेदनाशामक औषध व मऊ अंथरूण यांनी ती बरीच पूर्ववत होते. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखात खोलीचे तापमान तीस अंशांच्या पुढे गेले की वृद्ध गिनीपिग अंग पसरून, धापा टाकीत, लाळ गाळीत पडतो. हा म्हातारपणाचा शेवट नसून उष्माघात आहे, आणि त्याला ताबडतोब सावलीच्या थंड जागी नेऊन साध्या पाण्याने कान व पाय ओले करीत पशुवैद्याकडे पोहोचविले पाहिजे.

या सर्व दुखण्यांत घाई करण्याचे कारण त्याच्या पोटात आहे. गवतासारखा कठीण आहार पचविण्याचे काम गिनीपिगाच्या जठरात होत नाही. ते अंधनाल नावाच्या मोठ्या पिशवीत राहणारे असंख्य सूक्ष्मजीव करतात. ज्याप्रमाणे विरजण रोजच्या रोज ताजे दूध मिळाले तरच जिवंत राहते, त्याप्रमाणे हे सूक्ष्मजीव सतत येणाऱ्या चाऱ्यावर टिकून असतात. चारा थांबला की आतड्यांची हालचाल मंदावते, वायू साचून पोट फुगते, फुगलेल्या पोटाने भूक आणखी मरते आणि हे चक्र एकदा सुरू झाले म्हणजे एरवी किरकोळ ठरावे अशा दुखण्यानेही प्राणी दगावतो. लठ्ठ प्राण्यात तर उपवासाने शरीरातील चरबी यकृतावर लोटली जाते आणि यकृतच निकामी होते. म्हणून बारा तास काहीही न खाल्लेला गिनीपिग हा तातडीचा मामला समजावा. त्याचबरोबर एक ताकीद देणे मी कर्तव्य समजतो : घरातील माणसांसाठी आणलेली पेनिसिलीन, अँपिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन ही औषधे त्याला तोंडाने कदापि देऊ नयेत. ती त्याच्या आतड्यातील उपयुक्त जंतू मारून विषारी जंतूंना रान मोकळे करतात, आणि जो प्राणी सर्दीने मेला नसता तो औषधाने मरतो.

डोळ्यांना न दिसणारी घट उघडकीस आणणारे साधन प्रत्येक स्वयंपाकघरात असते, ते म्हणजे वजनाचा काटा. प्रौढ मादीचे वजन सातशे ते नऊशे ग्रॅम, नराचे नऊशे ते बाराशे. तरुणपणी आठवड्यातून एकदा आणि उतारवयात शक्य तर रोज, ठरावीक वेळी, वजन करून वहीत तारीखवार टिपून ठेवावे. पंधरा-वीस ग्रॅमचा चढउतार हा रोजचाच. पण आठशे ग्रॅमच्या प्राण्याचे वजन सातशे वीसवर आले, म्हणजे दशांश भाग गेला, की ते गंभीर समजावे, मग तो कितीही टवटवीत दिसो. लपविण्याच्या कलेत निष्णात असलेल्या या प्राण्याला काट्यापुढे मात्र काही लपविता येत नाही, आणि पशुवैद्यापुढे ती वही ठेवली म्हणजे त्यालाही निदानाला मोठी मदत होते.

आता त्या अवस्थेकडे वळू, जिचे दर्शन घडले म्हणजे लपविण्याची शक्तीच संपली असे समजावे. प्राणी अंग गोळा करून, पाठ कमानीसारखी वर काढून, कोपऱ्याकडे तोंड करून बसतो. केस उभे राहतात, त्यामुळे तो फुगल्यासारखा दिसतो. डोळे अर्धे मिटतात आणि त्यांतील चमक जाते. बोलाविले तर कान हलतो, पण मान वळत नाही. स्वतःचे अंग साफ करणे थांबते आणि मागचा भाग ओला व मळका राहू लागतो. हे पाहून सामान्यतः वाटते की शरीर आता कोसळत आहे. परंतु १९८८ साली कॅलिफोर्नियातील पशुवैद्यक-प्राध्यापक बेंजामिन हार्ट यांनी असे प्रतिपादन केले की, आजारी प्राण्याचे हे सुस्त, अन्नविन्मुख, एकांतप्रिय वर्तन ही रोगाने केलेली नासधूस नसून रोगाशी झुंजण्यासाठी शरीराने स्वतःच केलेली तजवीज आहे : ताप वाढवून जंतूंना प्रतिकूल वातावरण निर्माण करावयाचे, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा हालचाल व खाणे यांतून वाचवावयाची. रोगप्रतिकारक पेशींतून निघणारे रासायनिक संदेश मेंदूपर्यंत पोहोचतात आणि मेंदू हे वर्तन घडवून आणतो.

या बाबतीत खुद्द गिनीपिगावर झालेले एक संशोधन मला अत्यंत उद्बोधक वाटते. अमेरिकेतील ओहायो राज्यातील राइट स्टेट विद्यापीठात मायकेल हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, गिनीपिगाच्या पिल्लाला आईपासून दूर, अनोळखी जागी एकटे ठेवले तर प्रथम ते शीळ घालून आक्रोश करते. पण तास-दीड तासानंतर ते गप्प होते, अंग चोरून बसते, डोळे मिटते आणि त्याच्या अंगावरचे केस उभे राहतात. म्हणजे आजारी प्राण्याची तीच बैठक, परंतु आजार कोणताच नाही. आणि दाह कमी करणारी औषधे दिली असता ही बैठक कमी झाली. याचा अर्थ असा की, या प्राण्याच्या शरीरात एकाकीपणाचा आघात आणि रोगाचा आघात हे दोन्ही काही अंशी एकाच मार्गाने मेंदूपर्यंत जातात. जे पालक आजारी गिनीपिगाला ‘विश्रांती मिळावी’ म्हणून सोबत्यांपासून दूर वेगळ्या खोलीत ठेवतात, त्यांनी या निष्कर्षाचा विचार अवश्य करावा.

सोबतीचे मोल दाखविणारे दुसरे काम जर्मनीत म्युन्स्टर विद्यापीठात नॉर्बर्ट साक्सर यांनी केले. अपरिचित जागी नेलेल्या नराच्या रक्तात कॉर्टिसॉल या तणावसूचक द्रव्याचे प्रमाण वाढते. त्याच्याबरोबर त्याची जिवाभावाची मादी असली तर ही वाढ पुष्कळच कमी होते, आणि परकी मादी असली तर तसा फरक पडत नाही. अंत्यकाळाजवळ आलेल्या प्राण्याशी त्याचे सोबती कसे वागतात हे पाहिले तर या मापनाचा अर्थ कळतो. कोणी त्याच्या अंगाला अंग लावून तासन्‌तास पडून राहतो, कोणी त्याचे कान आणि डोळ्यांच्या कडा चाटतो. काही मात्र दूर राहतात आणि एखादा तरुण नर दुबळ्या झालेल्या ज्येष्ठाला धक्के देऊन चाऱ्यापासून हुसकावितोही. शेवटचा प्रकार घडत असेल तर मध्ये जाळी घालून वास आणि आवाज पोहोचेल इतपतच अंतर ठेवावे. एरवी सोबत मोडू नये, अर्थात रोग संसर्गजन्य नसेल तर.

अखेरचे एक-दोन दिवस आले म्हणजे चिन्हे बदलतात. आतापर्यंत जो कोपरा धरून बसत होता तो कुशीवर पडून राहतो आणि उठवून बसविले तरी पुन्हा कलंडतो. कान आणि पावले थंड लागतात. निरोगी गिनीपिगाच्या शरीराचे तापमान ३७ ते ३९.५ अंश सेल्सिअस असते, ते त्याखाली उतरत जाते. दात खाणे, म्हणजे दातांचा कर्र असा आवाज करणे, हे वेदनेचे लक्षण याच सुमारास ऐकू येते. आयुष्यभर हात लावू न देणारा एखादा प्राणी या वेळी मांडीवर स्वस्थ पडून राहतो. त्यात शक्तिपाताचा भाग मोठा असतो हे खरे, पण उबेचा शोधही असतो, आणि ती ऊब त्याला द्यावी. फडक्यात गुंडाळलेली कोमट पाण्याची पिशवी एका बाजूला ठेवावी, सरकण्यास जागा राहील अशी. अंथरूण कोरडे, मऊ, वारंवार बदललेले असावे. पाणी आणि कोथिंबिरीची काडी तोंडाशी असावी. आवाज आणि उजेड कमी करावा. जोवर गिळण्याची शक्ती आहे तोवर गवताच्या भुकटीची पातळ पेज पिचकारीने गालाच्या बाजूने थोडी थोडी देता येते; गिळणे थांबल्यावर मात्र भरविण्याचा आग्रह धरू नये, कारण तो घास श्वासनलिकेत जाऊन त्याचा जीव घुसमटतो. गिनीपिग केवळ नाकानेच श्वास घेणारा प्राणी आहे. तो तोंड उघडून श्वास घेऊ लागला तर ती अवस्था अत्यंत कष्टाची आणि बहुधा परतीच्या पलीकडची समजावी.

शेवटच्या घटकेत श्वासांमधील अंतर वाढत जाते. मान मागे ताणली जाते, पाय धावल्यासारखे हलतात, अंगाला झटके येतात, कधी एखादा स्वर निघतो आणि लघवी होते. पाहणाऱ्याच्या काळजाला घरे पाडणारे हे दृश्य असते, आणि त्याची आठवण पुढे फार काळ छळते. म्हणून आधीच जाणून घ्यावे की या वेळी शुद्ध बहुधा हरपलेली असते आणि हे आचके म्हणजे प्राणवायू न मिळालेल्या मज्जासंस्थेच्या अनैच्छिक हालचाली होत. डोळे उघडेच राहतात. तेही स्वाभाविक आहे.

येथवर येऊ द्यावे की त्याआधीच पशुवैद्याकडून शांत मरण द्यावे, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. माझे मत असे की, ज्या दुखण्यावर इलाज उरलेला नाही, ज्याची वेदना औषधाने आटोक्यात राहत नाही, जो स्वतः खात नाही आणि सोबत्यांकडे वळूनही पाहत नाही, त्याला नैसर्गिक मरणाच्या नावाखाली आणखी दोन-तीन दिवस त्या हालांत ठेवणे ही दया नव्हे. पशुवैद्य प्रथम भूल देतो, बहुधा हुंगण्याच्या औषधाने, आणि प्राणी बेशुद्ध झाल्यावरच दुसऱ्या औषधाने हृदय थांबवितो. प्राण्याला कळते ते झोप येणे एवढेच. हे काम घरी कोणी, कोणत्याही उपायाने, करू पाहू नये. आपल्याकडील प्राणिक्रूरता-प्रतिबंधाच्या १९६० च्या कायद्यात माणूस सोडून प्रत्येक जिवंत प्राणी ‘प्राणी’ या व्याख्येत येतो, म्हणून पिंजऱ्यातला हा जीवही त्या संरक्षणाचा हक्कदार आहे.

मृत्यूनंतर सोबत्यांना त्या देहाजवळ काही वेळ जाऊ द्यावे, असा अनुभवी पालकांचा सल्ला असतो आणि तो मला पटतो. ते हुंगतात, ढोसतात आणि मग आपणहून बाजूला होतात. मागे राहिलेला एकटा असेल तर मात्र त्याचे लक्षण त्याच दिवसापासून पाहिले पाहिजे, कारण तो शीळ घालीत शोधतो, खाणे कमी करतो, आणि वर वर्णिलेले पोटाचे दुष्टचक्र त्याच्यातही सुरू होऊ शकते. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून गिनीपिग एकटा पाळणे कायद्याने निषिद्ध आहे. त्यामुळे जोडीतील एक गेल्यावर दुसऱ्याला त्याच्या हयातीपुरता सोबती उसना देण्याची सोयही तेथे काहींनी केली. आपल्याकडे तशी सोय नसली तरी दुसरे घर शोधणारे प्रौढ गिनीपिग शहरांतून मिळतात. वृद्धासाठी अवखळ पिल्लापेक्षा शांत स्वभावाची मोठी मादी, किंवा खच्ची केलेला नर, निवडावा; नव्या प्राण्याला प्रथम दोन-तीन आठवडे वेगळे ठेवून तो निरोगी असल्याची खात्री करावी; मग दोघांनाही अनोळखी अशा मोकळ्या जागी, मध्ये गवताचा मोठा ढीग ठेवून, एकत्र सोडावे, आणि त्यानंतरचा पंधरवडा दोघांचेही वजन रोज टिपून ठेवावे.